नफा वाटावा की राखावा? एका रेल्वे-खेळातून धंद्याचा धडा

‘व्यापार’ हा खेळ आपल्या बहुतेक घरांत माहीत आहे. फासा टाकायचा, सोंगटी पुढे सरकवायची, शहर विकत घ्यायचे आणि दुसरा तिथे आला की भाडे वसूल करायचे. मुलांना त्यातून नोटा मोजण्याची सवय लागते, हे चांगलेच आहे. पण धंदा शिकण्याच्या दृष्टीने त्यात एक मोठी उणीव आहे. कोण जिंकणार हे बरेचसे फाशावर ठरते. फासा चांगला पडला तर निष्काळजी माणूसही श्रीमंत होतो आणि वाईट पडला तर हिशेबी माणूसही बुडतो.

या लेखात आम्ही वाचकांना एका निराळ्या खेळाची ओळख करून देणार आहोत. त्याचे नाव ‘१८३०’. या खेळात फासा नाही आणि नशिबाची पत्तीही नाही. सगळ्यांची शिल्लक, सगळ्यांचे शेअर आणि सगळ्या कंपन्यांच्या तिजोऱ्या टेबलावर उघड्या असतात. तरीही हुशार माणसे त्यात दिवाळखोर होतात. ती कशामुळे होतात, हे समजून घेणे दुकानदाराला, कारखानदाराला आणि भागीदारीत पैसा गुंतवणाऱ्याला उपयोगाचे आहे.

खेळाची ओळख

फ्रान्सिस ट्रेशम या इंग्रज गृहस्थांनी १९७४ मध्ये ‘१८२९’ नावाचा रेल्वेचा खेळ काढला. तो इंग्लंडच्या रेल्वे कंपन्यांवर होता. पुढे १९८६ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर शहरच्या ॲव्हलॉन हिल या संस्थेने त्यांचाच ‘१८३०’ प्रसिद्ध केला. बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेचा पहिला टप्पा वाहतुकीस खुला झाला ते हे वर्ष. ट्रेशम २०१९ मध्ये वारले. त्यांच्या या खेळांच्या धर्तीवर जगभर अनेकांनी आपापल्या देशांच्या रेल्वेचे खेळ तयार केले आहेत.

पटावर अमेरिकेच्या ईशान्य भागाचा नकाशा असतो. त्यावर षट्कोनी तुकडे ठेवून रूळ टाकायचे असतात. कंपन्या आठ, प्रत्येकीचे दहा शेअर. एक डाव पुरा व्हायला चार ते सहा तास सहज लागतात. शेवटी ज्याच्या हातात रोख आणि शेअर मिळून सर्वांत जास्त संपत्ती, तो जिंकला.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. खेळाडूचा खिसा वेगळा आणि कंपनीची तिजोरी वेगळी. कंपनीचा अध्यक्ष असला तरी त्याला तिजोरीतले पैसे खिशात घालता येत नाहीत. ‘बँक’ नावाचा नोटांचा डबा असतो, पण तो कोणाला कर्ज देत नाही आणि व्याजही घेत नाही. म्हणजे कंपनीला पैसा लागला तर तो तिच्या तिजोरीतूनच यायला हवा. पुढचा सगळा धडा या एका नियमावर उभा आहे.

कंपनी कशी उभी राहते

चार खेळाडू असतील तर प्रत्येकाला सुरुवातीला ६०० डॉलर मिळतात. खेळाच्या आरंभी काही छोट्या खासगी कंपन्या विकल्या जातात. समजा, त्यांच्यावर एका खेळाडूचे १०० डॉलर खर्च झाले आणि हाती ५०० उरले. आता त्याला रेल्वे कंपनी काढायची आहे. शेअरचा मूळ भाव तोच ठरवतो. हा भाव कमीत कमी ६७ आणि जास्तीत जास्त १०० असतो. दहापैकी सहा शेअर विकले गेले की कंपनी उभी राहते आणि तिच्या तिजोरीत शेअरच्या मूळ भावाच्या दहापट रक्कम जमा होते.

भाव ६७ ठेवला तर सहा शेअरना ४०२ डॉलर लागतात आणि तिजोरीत ६७० येतात. भाव १०० ठेवला तर तिजोरीत पुरे १,००० येतात, पण सहा शेअरना ६०० लागतात आणि ते त्याच्याजवळ नाहीत. दुसऱ्या कोणी शेअर घेतले तरच त्याची कंपनी उभी राहील. थोड्या भांडवलावर लवकर सुरुवात करावी, की भागीदार गोळा करून भरपूर भांडवलावर उतरावे? नवे दुकान घालणाऱ्या प्रत्येकाला पडणारा हा प्रश्न पहिल्या अर्ध्या तासातच समोर येतो.

वाटायचे की राखायचे

कंपनीने रूळ टाकले, गाडी घेतली आणि गाडी शहराशहरांतून फिरली की मिळकत येते. समजा, एका फेरीची मिळकत १०० डॉलर झाली. अध्यक्षापुढे दोनच मार्ग असतात. एक, सगळी मिळकत लाभांश म्हणून वाटून टाकणे. मग प्रत्येक शेअरमागे १० डॉलर मिळतात आणि बाजारात शेअरचा भाव एक घर वर चढतो. दुसरा, सगळी मिळकत तिजोरीत ठेवणे. मग कोणाला काही मिळत नाही आणि भाव एक घर खाली येतो.

वाटले की खिसा भरतो, भाव चढतो आणि भागधारक खूष होतात. राखले की खिसा रिकामा राहतो, भाव उतरतो आणि भागधारक नाराज होतात. नवखा खेळाडू प्रत्येक फेरीला वाटतच सुटतो. आणि तिथेच तो फसतो.

इंजिने भंगारात जातात

खेळातील गाड्या सहा प्रकारच्या आहेत. पहिली गाडी दोन स्थानकांपुरती धावते आणि ८० डॉलरला मिळते. अशा सहा गाड्या असतात. तीन स्थानकांची १८० ला, अशा पाच. चार स्थानकांची ३०० ला, अशा चार. पाचची ४५० ला, अशा तीन. सहाची ६३० ला, अशा दोन. आणि शेवटी डिझेल, १,१०० डॉलरला. डिझेल सोडता, एक प्रकार विकून संपला की पुढचा विक्रीला निघतो.

आता खरी मेख पाहा. कोणीही पहिली चारची गाडी विकत घेतली की सगळ्यांच्या दोनच्या गाड्या त्याच क्षणी भंगारात जातात. पहिली सहाची गाडी आली की तीनच्या गाड्या जातात. पहिले डिझेल आले की चारच्या गाड्या जातात. मोबदला म्हणून एक पैसाही मिळत नाही. तुमची गाडी मोडली म्हणून भंगारात जात नाही. ती उत्तम चालत असते, काल तिने मिळकत आणलेली असते. दुसऱ्याने नवी गाडी घेतली, एवढ्यासाठी ती जाते.

आपल्याकडे छापखान्यांत हेच घडले. खिळे जुळवून ट्रेडलवर छापणाऱ्यांची यंत्रे मोडली नव्हती. त्यातली काही आजही चालू स्थितीत सापडतील. पण गावात कोणीतरी ऑफसेट आणला, संगणकावर अक्षरजुळणी सुरू केली आणि लग्नपत्रिकेचे गिऱ्हाईक तिकडे गेले. एसटीडी-पीसीओच्या बूथचेही तसेच झाले. मोबाइल स्वस्त झाला आणि चांगले चालणारे टेलिफोन यंत्र पडून राहिले. यंत्राचे आयुष्य त्याच्या पोलादावर कमी आणि बाजारावर जास्त अवलंबून असते.

एक हिशेब

आता वरील कंपनीचा हिशेब मांडू. तिजोरीत ६७० डॉलर आले. दोनच्या दोन गाड्या घेतल्या, १६० गेले. डोंगरातून रूळ नेला, १२० गेले. दुसऱ्या शहरात स्थानक मांडले, ४० गेले. शिल्लक ३५०. दोन्ही गाड्या मिळून दर फेरीला १०० आणतात. मालकाकडे सहा शेअर आहेत, उरलेले चार इतरांनी घेतले आहेत.

पहिल्या मालकाने पाच फेऱ्या सगळे वाटले. त्याला दर फेरीला ६० प्रमाणे ३०० मिळाले, इतरांना ४० प्रमाणे २००. तिजोरी ३५० वरच राहिली. मग कोणीतरी चारची गाडी घेतली आणि याच्या दोन्ही गाड्या भंगारात गेल्या. त्याची पाळी येईपर्यंत चारच्या गाड्या संपल्या होत्या आणि पाचची गाडी ४५० ला विक्रीस होती. नियम असा की कंपनीजवळ चालवण्याजोगा मार्ग असेल तर तिच्याकडे गाडी असलीच पाहिजे. तिजोरीत पैसे कमी पडले तर तूट अध्यक्षाने स्वतःच्या खिशातून भरायची. खिशात नसतील तर स्वतःचे शेअर विकायचे. तेही पुरले नाहीत तर तो दिवाळखोर आणि डाव तिथेच संपला.

येथे तूट १०० ची आहे. ती अध्यक्षाने एकट्याने भरली. आता बारकाईने पाहा. वाटलेल्या प्रत्येक १०० पैकी त्याच्या हाती ६० च आले होते, ४० इतरांकडे गेले होते. पण तुटीचे १०० मात्र पुरे त्याच्या खिशातून गेले. इतरांनी घेतलेला लाभांश कोणी परत देत नाही.

दुसऱ्या मालकाने तीन फेऱ्या वाटले आणि दोन फेऱ्या राखले. त्याला लाभांश १८० च मिळाला, शेअरचा भावही थोडा मागे राहिला. पण तिजोरीत ५५० होते. त्याने ४५० ची गाडी घेतली, १०० शिल्लक राहिले आणि खिशाला हात लागला नाही. शिवाय पाचची गाडी पुढे कधीच भंगारात जात नाही. आणि दोघांना उशीर होऊन ६३० ची गाडी घ्यावी लागली असती तर? पहिल्याची तूट २८० ची झाली असती, दुसऱ्याची फक्त ८० ची.

याचा अर्थ नेहमीच राखावे असा नाही. प्रत्येक फेरीला राखणाऱ्याचा शेअर घसरत जातो, भागधारकांचा विश्वास उडतो आणि तोही हरतो. चांगला खेळाडू गाड्यांच्या गठ्ठ्याकडे पाहतो. तीनच्या गाड्या किती उरल्या, चारची गाडी निघायला किती वेळ आहे, ती घेण्याइतका पैसा कोणाच्या तिजोरीत आहे, हे सगळ्यांना दिसत असते. संकट अचानक येत नाही. त्याची मोजणी आधी करता येते, फक्त ती करावी लागते.

बेसावध भागीदार

या खेळात आणखी एक कठोर धडा आहे. ज्याच्याकडे सर्वांत जास्त शेअर, तो अध्यक्ष. समजा, अध्यक्षाकडे पाच शेअर आहेत आणि दुसऱ्याकडे चार. अध्यक्षाने ओळखले की गाड्या आता भंगारात जाणार आणि तिजोरी रिकामी आहे. त्याने शेअरविक्रीच्या फेरीत आपले दोन शेअर विकून टाकले. त्याच्याकडे तीन उरले आणि चार शेअरवाला आपोआप अध्यक्ष झाला. त्याने काही मागितले नव्हते. तो बिचारा दर फेरीला लाभांश घेऊन समाधानी होता. आता रिकामी कंपनी त्याच्या गळ्यात आली आणि पुढची गाडी त्याने स्वतःच्या पैशाने घ्यायची.

लाभांश वेळेवर येतो म्हणजे धंदा ठीक आहे, असे समजणाऱ्यांसाठी ही गोष्ट आहे. लाभांश कुठून येतो, तिजोरीत काय उरते आणि यंत्र किती दिवसांचे आहे, हे तीन प्रश्न भागीदाराने विचारलेच पाहिजेत.

आपल्याकडे बहुतेक लहान धंदे भागीदारीत किंवा एकट्याच्या नावाने चालतात. त्यांना खेळातला खिशातून भरण्याचा नियम अगदी परका नाही. भारतीय भागीदारी अधिनियम १९३२ च्या कलम २५ प्रमाणे, भागीदार असताना पेढीने केलेल्या व्यवहारांना प्रत्येक भागीदार संयुक्तपणे आणि वैयक्तिकरीत्याही जबाबदार असतो. करारात काही लिहिले नसेल तर कलम १३ प्रमाणे नफा आणि तोटा दोन्ही समान. कलम ३१ प्रमाणे नव्याने आलेला भागीदार त्याच्या येण्यापूर्वीच्या व्यवहारांना केवळ आल्यामुळे जबाबदार होत नाही. येथे कायदा खेळापेक्षा दयाळू आहे. पण कलम ३२ लक्षात ठेवण्यासारखे आहे. जो भागीदार निवृत्त झाला पण ज्याच्या निवृत्तीची जाहीर नोटीस दिली गेली नाही, तो त्याला भागीदार समजून व्यवहार करणाऱ्या बाहेरच्या लोकांना जबाबदार राहू शकतो. ‘मी तर केव्हाच बाहेर पडलो’ असे तोंडी सांगून भागत नाही.

इरी रेल्वेची खरी कहाणी

खेळातल्या आठ कंपन्यांपैकी एक इरी रेल्वे आहे. तिचा खरा इतिहास वाचला की खेळ थट्टेचा वाटत नाही. न्यूयॉर्क सेंट्रल ताब्यात असलेल्या कॉर्नेलियस व्हँडरबिल्टने १८६८ मध्ये इरीचे शेअर खरेदी करून ती कंपनीही घेण्याचा प्रयत्न केला. इरीचे सूत्रधार डॅनियल ड्रू, जे गूल्ड आणि जेम्स फिस्क यांनी नवनवे शेअर काढून बाजारात ओतले. व्हँडरबिल्ट घेत राहिला आणि हे काढत राहिले. कंपनीची संपत्ती तेवढीच राहिली, फक्त कागद वाढला.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये पोर्ट जर्व्हिसजवळ कार्स रॉक येथे इरीच्या गाडीला अपघात झाला. तुटलेल्या रुळामुळे डबे उतारावरून खाली कोसळले आणि वीसहून अधिक प्रवासी मेले. एकीकडे शेअरच्या लढाईत पैशाचा पूर वाहत होता आणि दुसरीकडे माणसे ज्या रुळावरून जात होती तो तुटत होता. पुढे १८७५ मध्ये ही कंपनी दिवाळखोरीत गेली. तिजोरी रिकामी ठेवण्याची किंमत नेहमी मालकच देतो असे नाही. कधी गिऱ्हाईक देते, कधी कामगार देतो.

आपल्या रेल्वेचा खेळ

ट्रेशम यांनी १९८९ मध्ये ‘१८५३’ नावाचा खेळही काढला. त्यात नकाशा भारताचा आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही ३४ किलोमीटरची पहिली प्रवासी गाडी धावली, त्या वर्षाचे नाव खेळाला आहे. शेअरबाजाराच्या डावपेचांना कंटाळलेल्या, रूळ बांधण्यात रस असलेल्या लोकांसाठी हा खेळ आहे, असे त्याच्या पेटीवरच सुचवले होते. खऱ्या जी.आय.पी. रेल्वेला सरकारने भांडवलावर ५ टक्के परताव्याची हमी दिली होती. तूट आली तर ती सरकारी खजिन्यातून, म्हणजे रयतेच्या पैशातून भरली जाई. त्यामुळे खर्चाला आळा राहिला नाही, अशी टीका त्या काळातच झाली. तूट दुसरा भरणार असेल तर माणूस हिशेब सैल ठेवतो, हेही त्यातून शिकावे.

काय घ्यावे, काय सोडावे

‘१८३०’ मध्ये शेवटी खेळाडूची संपत्ती मोजतात. कंपनीच्या तिजोरीत उरलेले पैसे कोणाच्याच नावावर धरत नाहीत. त्यामुळे शेवटच्या फेऱ्यांत कंपनी पोखरून खिसा भरणे खेळात शहाणपणाचे ठरते. पटावर ते क्षम्य आहे, कारण डाव संपणार असतो. आपला धंदा मात्र उद्याही उघडायचा असतो. त्यावर घर चालते, कारागीर जगतात, मुलांचे शिक्षण होते. म्हणून रिकामी कंपनी दुसऱ्याच्या गळ्यात मारण्याची युक्ती ओळखायला शिकावी, वापरायला नव्हे.

घ्यावे ते एवढेच, की नफा आणि खर्चायला मोकळा पैसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांच्यामध्ये पुढच्या यंत्राचा पैसा बसलेला असतो. हिशेबनीस त्याला घसारा म्हणतात. पण घसारा केवळ वहीत लिहून चालत नाही, तेवढी रक्कम खरोखर बाजूला निघाली पाहिजे.

समजा, एका बेकरीवाल्याने ३,००,००० रुपयांचे यंत्र घेतले आणि ते पाच वर्षे चालेल असा अंदाज आहे. महिन्याला ५,००० रुपये बाजूला काढले तर साठ महिन्यांत ३,००,००० होतात. पण त्या वेळी तसेच यंत्र ४,००,००० ला झाले असेल तर लाखाची तूट येईल. म्हणून दरवर्षी नव्या यंत्राचा भाव विचारून घ्यावा आणि महिन्याची रक्कम वाढवावी. गाड्यांच्या गठ्ठ्याकडे पाहणे म्हणजे हेच. धंद्याच्या वहीत तीन रकाने करावेत: महिन्याचा नफा, घरासाठी आणि भागीदारांसाठी उचल, आणि यंत्रनिधी. तिसरा रकाना दुसऱ्याच्या आधी भरावा.

ज्यांना शक्य असेल त्यांनी हा खेळ मिळवून चारजणांत एकदा तरी खेळावा. नियमपुस्तिका इंग्रजीत आहे, पण घरातल्या शिकत्या मुलाने एक दिवस वाचून समजावली तर अडचण येणार नाही. वडील, मुलगा, भाऊ, भागीदार असे एकत्र बसले तर उत्तम. वर्षानुवर्षे जे प्रश्न तोंडावर येत नाहीत, ते पटाच्या निमित्ताने विचारले जातात.

स्वाध्याय

१) एका कंपनीच्या तिजोरीत २०० डॉलर आहेत आणि फेरीची मिळकत १२० आहे. दोन फेऱ्यांनंतर ४५० ची गाडी घ्यावी लागणार. दोन्ही फेऱ्या राखल्या तर तूट किती? दोन्ही वाटल्या तर किती?

२) अध्यक्षाकडे सहा शेअर असतील तर दोन्ही फेऱ्या वाटून त्याला काय मिळेल आणि खिशातून काय जाईल?

३) आपल्या स्वतःच्या दुकानातील कोणते यंत्र दुसऱ्याच्या खरेदीमुळे निकामी ठरू शकते? त्याच्या जागी येणाऱ्या यंत्राचा आजचा भाव काय?

पहिल्याचे उत्तर: राखल्यास १०, वाटल्यास २५०. दुसऱ्याचे उत्तर: मिळतील १४४, जातील २५०. तिसऱ्याचे उत्तर आमच्याजवळ नाही. ते वाचकांनी बाजारात जाऊन, विचारून, आपल्या वहीत लिहावे.